‘बसायला’ जायची नवी जागा : एए मिटिंग शोधावी कशी, पहिल्यांदा जावं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे : वय ४३, तालुक्याच्या गावी पतसंस्थेत वसुलीचं काम. अठरा वर्षं दारू. शेवटची चार वर्षं सकाळचा उतारा घेतल्याशिवाय सही करता यायची नाही. सिव्हिल हॉस्पिटलात दहा दिवस भरती होते, आता घरी आहेत, न पिता बावीस दिवस झाले. डॉक्टरांनी ‘एए मिटिंगला जा’ म्हणून सांगितलंय (एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू थांबवू पाहणारे एकमेकांना भेटतात तो गट). ती असते कुठे? गावात सगळे ओळखतात, त्याचं काय? काही वर्षं अंनिसचं काम केलंय, देवाबिवाचं जमणार नाही. तिथे बोलायचं काय? आणि गोळ्या चालू आहेत, त्या बंद करायला सांगतात का?

आधी बावीस दिवसांबद्दल. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली होती, तिचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकाला कसले ना कसले उपचार मिळतात, आणि भरती होऊन उपचार घेणारा १८० मागे एक, असं त्यात निघालं. तुम्ही त्या १८० मधले एक. घरचे लोक हे बोलून दाखवणार नाहीत, त्यांना अजून धास्ती आहे. म्हणून मी बोलून दाखवते.

मी चोवीस वर्षं व्यसनमुक्तीच्या वॉर्डात समुपदेशक म्हणून काम करते आहे. सुरुवातीची सहा-सात वर्षं मी एक चूक नेमाने करत होते. डिस्चार्जच्या दिवशी पेशंटच्या हातात चिठ्ठी द्यायची : बुधवार आणि शनिवार, सायंकाळी सात, अमुक शाळा, पहिला मजला. तो चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवायचा, आणि चार दिवसांनी कपडे धुताना बायकोच्या हाताला तिचा लगदा लागायचा. फॉलोअपला विचारलं की, “जाणारच होतो मॅडम, पण त्या दिवशी पाऊस आला.” शेवटी एका जुन्या मेंबरनेच मला सुनावलं, “मॅडम, पत्ता काय देताय? माणूस द्या.”

तेव्हापासून डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी एका मेंबरला वॉर्डात बोलावून घेते. दोघं खाटेवर बसून तासभर बोलतात, एकमेकांचे नंबर घेतात, आणि पहिल्या मिटिंगच्या दिवशी तो मेंबर याला एसटी स्टँडवर घ्यायला येतो. चिठ्ठीवाल्यांपैकी हातावर मोजण्याइतके पोचायचे, यांच्यातले बहुतेक पोचतात. हे शहाणपण मी फार उशिरा शिकले, हे नंतर वाचनातून कळलं. अमेरिकेत १९८१ साली वीस माणसांवर एक छोटासा प्रयोग झाला होता. दहा जणांना मिटिंगची माहिती देऊन ‘जा’ एवढंच सांगितलं. उरलेल्या दहा जणांना समोर बसवून एका मेंबरशी फोनवर बोलायला लावलं, आणि त्या मेंबरने बरोबर न्यायचं कबूल केलं. पहिल्या दहातला एकही गेला नाही. दुसरे दहाच्या दहा गेले.

म्हणून ‘कुठे असते’ हा तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेते. आधी माणूस शोधा, तो तुम्हाला मिटिंगपर्यंत नेईल.

माणूस शोधायचे तीन-चार रस्ते आहेत. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचं भारतातलं मुख्य सेवा कार्यालय मुंबईत, भायखळ्याला आहे. त्यांच्या वेबसाइटवर राज्यवार ग्रुपची यादी आणि हेल्पलाइन नंबर मिळतो. एका भागातले ग्रुप मिळून जी समिती चालवतात तिला ‘इंटरग्रुप’ म्हणतात. मुख्य कार्यालय तुम्हाला तुमच्या भागाच्या इंटरग्रुपशी जोडून देतं. यादीवर मात्र डोळे मिटून विसंबू नका. ग्रुप बहुधा शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, एखाद्या मंडळाची खोली अशा मागून घेतलेल्या जागेत भरतात. शाळेत परीक्षा लागली, हेडमास्तर बदलले, की जागा हलते, आणि यादीत जुनाच पत्ता राहतो. मुसळधार पावसात कुलूप लावलेल्या शाळेसमोर उभं राहून परत फिरलेला एक पेशंट मला माहीत आहे. तो थेट परमिट रूममध्ये शिरला. आधी फोन करा, तोही संध्याकाळी, कारण फोन उचलणारे मेंबर दिवसा स्वतःच्या नोकरीधंद्यावर असतात. फोनवर तीन गोष्टी विचारा : पुढची मिटिंग कधी आणि कुठे, ती ओपन (कुणालाही बसता येणारी) आहे की क्लोज्ड (फक्त दारूचा त्रास असलेल्यांची), आणि “मला घ्यायला कुणी येईल का?” तिसरं विचारायला जीभ अडेल. तुम्ही वसुलीत काम करता, दुसऱ्याच्या दारात उभं राहून अवघड बोलायची तुम्हाला सवय आहे. ती इथे वापरा.

दुसरा रस्ता तुमच्याच सिव्हिल हॉस्पिटलचा. मानसोपचार विभागात किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या बाह्यरुग्ण विभागात जा आणि तिथल्या समाजसेवकाला गाठा. त्याच्याकडे दोन-तीन मेंबरांचे नंबर असतात. डॉक्टरांना विचाराल तर घाईत ‘जा एएला’ एवढंच उत्तर मिळेल. केंद्राची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६, या दोन्ही मोफत आहेत. जवळचं केंद्र कुठलं हे तिथून कळतं. फोन घेणाऱ्याला गावच्या ग्रुपची माहिती असेलच असं नाही.

या फोन करण्यावर मी इतका भर देते, त्याला कारण आहे. एएची सुरुवातच एका फोनपासून झाली. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अॅक्रन गावी गेला होता. पाचेक महिने त्याने थेंब घेतला नव्हता. काम फिसकटलं. संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा, समोर बारमधून हसण्याचा आवाज येतोय. आत जायच्या ऐवजी त्याने लॉबीतल्या यादीतून चर्चचे नंबर काढून एकामागून एक फिरवले : मला बोलायला एखादा दारुडा मिळेल का? फिरत फिरत तो डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोचला. डॉक्टर तेव्हा स्वतः पीत होते आणि पंधरा मिनिटांच्या वर बसायची त्यांची तयारी नव्हती. दोघं सहा तासांवर बोलत बसले. डॉक्टरांनी शेवटचं पिणं १० जून १९३५ ला केलं, आणि तीच तारीख एएची स्थापना म्हणून धरतात. बिल तिथे डॉक्टरांना सुधारायला गेला नव्हता. स्वतःची ती एक संध्याकाळ कोरडी जावी म्हणून गेला होता. तुम्ही फोन कराल तेव्हा पलीकडच्या माणसाला त्रास देतोय असं वाटून घेऊ नका. त्यालाही त्या फोनची गरज असते. भारतात एए १९५७ पासून आहे.

आता गावात सगळे ओळखतात त्याबद्दल. अहो, तुम्ही पिता हेही गावाला ठाऊक होतंच की. स्टँडमागच्या दुकानासमोर तुमची मोटारसायकल उभी असायची तेव्हा कुणी डोळे झाकले नव्हते. तरी तुमची भीती मी उडवून लावत नाही. न पिणारा म्हणून लोकांच्या नजरेत येणं कित्येकांना पिणारा म्हणून येण्यापेक्षा जड जातं. माझा अनुभव असा, की पहिल्या तीन-चार मिटिंगा जिल्ह्याच्या ठिकाणी कराव्यात आणि मग गावच्या किंवा शेजारच्या तालुक्याच्या ग्रुपला यावं. कायम चाळीस किलोमीटरवर जायचं ठरवलंत तर दिवाळीपर्यंतही टिकणार नाही. एसटी चुकली, सासऱ्यांची तब्येत बिघडली, मार्चअखेरची वसुली आली, अशी कारणं आपोआप सापडत जातात. आणि मिटिंगमध्ये कुणी ओळखीचा भेटलाच, तर तोही तिथे त्याच कारणासाठी आलाय.

तिथे पूर्ण नाव सांगावं लागत नाही. नोंदवही, ओळखपत्र, फोटो काही नाही. ‘इथे ऐकलेलं इथेच ठेवा’ हा दंडक बहुतेक लोक मनापासून पाळतात. पण तो दंडक आहे, कायदा नाही. डॉक्टर किंवा समुपदेशकावर गोपनीयतेचं जसं बंधन असतं तसं मेंबरांवर नसतं. म्हणून मी माझ्या पेशंटांना स्पष्ट सांगते : दारूची गोष्ट मोकळेपणाने सांगा, पण खातेदाराच्या पैशांत हात घातला असेल, कोर्टात काही चालू असेल, तर ते भरल्या खोलीत बोलू नका. ते वकिलाशी बोला, आणि पुढे स्पॉन्सर (हात देणारा जुना मेंबर) मिळाला की एकांतात त्याच्याशी. तुम्ही असं काही केलंय असं मी म्हणत नाही. पण पैशांच्या कामात असलेल्या माणसाला हे आधी सांगायलाच हवं, आणि एएवाले सहसा सांगत नाहीत.

मिटिंग कशी असते ते सांगते. मी स्वतः पिणारी नाही, त्यामुळे क्लोज्ड मिटिंगला मला प्रवेश नाही. ती फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे त्यांची. ओपन मिटिंगला कुणीही बसू शकतं, तिथे मी शेकडो संध्याकाळी काढल्या आहेत. तास-दीड तासाचं काम. लाकडी बाकं, भिंतीवर बाराखडीचा तक्ता, टेबलावर मेणबत्ती किंवा नुसती घोषवाक्यांची पाटी. सुरुवातीला क्षणभर शांतता, मग एए म्हणजे काय हे सांगणारा छोटा उतारा वाचतात (हा उतारा वाचायचा, तुमचा तो नव्हे), मग बारा पायऱ्या, म्हणजे दारूतून बाहेर पडायचा एएचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम. त्यानंतर एकेक जण आपलं सांगतो. त्याला शेअरिंग म्हणतात. “माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक” अशी सुरुवात, सगळे त्याला नावाने नमस्कार करतात, आणि तो पाच-दहा मिनिटं बोलतो : काय होतं, काय झालं, आज कसं आहे. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात दहा-वीस रुपये टाकायचे. नसले तर नाही टाकायचे, कुणी बघत नाही. एए बाहेरच्या देणग्या घेत नाही, भाडं आणि चहा एवढ्यावरच भागवतं. कुणी ‘एए मेंबरशिप फी’ म्हणून पैसे मागितले, किंवा मिटिंगच्या नावाखाली अमुक सेंटरला भरती व्हा म्हणून मागे लागलं, तर तिथून उठा. एएचं स्वतःचं सेंटर नसतं, हॉस्पिटल नसतं, एजंट तर नसतोच नसतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याला सगळ्यात जास्त धक्का बसतो तो हसण्याचा. एक जण सांगत असतो, बापाच्या दहाव्याला मी पिऊन गेलो आणि पिंडाला कावळा शिवायची वाट बघता बघता तिथेच आडवा झालो. आणि अख्खी खोली हसते. तुम्हाला वाटेल, काय निर्दयी लोक आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या मिटिंगला तुम्हीही हसाल, कारण तुमच्याकडेही तसलाच एक दहावा किंवा बारसं असणार. इतकी वर्षं ती गोष्ट ऐकून लोक एक तर चिडले, नाहीतर रडले. हसणारे पहिल्यांदाच भेटतात.

बोलायचं काय? पहिल्या दिवशी काहीच नको. “मी आज फक्त ऐकायला आलोय” एवढं म्हटलं की पुरे, हे वाक्य कुणीही अडवत नाही. ‘मी अल्कोहोलिक’ म्हणायची सक्तीही नाही. सदस्य व्हायला एकच गोष्ट लागते, दारू थांबवायची इच्छा. मात्र उशिरा जाऊन मागच्या बाकावर बसायचं आणि शेवटची प्रार्थना संपायच्या आत चप्पल घालायची, असं करू नका. नव्या माणसांचं हे ठरलेलं. माझं निरीक्षण सांगते, ते कुठल्या पुस्तकात नाही : खरं काम मिटिंगच्या आधीच्या पंधरा मिनिटांत आणि नंतरच्या चहाच्या अर्ध्या तासात होतं. सतरंज्या घालताना, कप विसळताना कुणीतरी विचारतो, “कितवा दिवस?” तुम्ही आकडा सांगता. पुढच्या वेळी तोच माणूस तोच आकडा सात-आठने वाढवून विचारतो. तुमचे दिवस दुसरं कुणीतरी मोजतंय, याने जे होतं ते माझ्या समुपदेशनाच्या चार सत्रांनी होत नाही. तुम्हाला कुणी ओळखत नाही अशी जागा हवी आहे, हे मला समजतं. पण तिथे गेल्यावर ओळख होऊ द्या. पहिल्याच दिवशी निदान तीन नंबर घेऊन निघा, आणि त्यातल्या एकाला दुसऱ्या दिवशी काही काम नसताना फोन करा. तलफ आल्यावर पहिला फोन करणं फार अवघड जातं. आधी कोरडेपणी केलेला असला की हात वळतो.

आपल्याकडे दारू पिण्याला ‘बसणं’ म्हणतात. “संध्याकाळी बसायचं का?” यातलं पिणं कुणी उच्चारतही नाही. अठरा वर्षं तुम्ही सात वाजता कुठेतरी बसत होतात, चार माणसांबरोबर. दारू सुटली की ती चार माणसंही सुटतात, आणि सात ते नऊ हा वेळ अंगावर येतो. बहुतेक मिटिंगा त्याच वेळेला असतात. ग्रुप निवडायची वेळ आली तर कुठला ग्रुप मोठा, कुठे इंजिनिअर-डॉक्टर येतात, हे बघू नका. तुमची बसायची वेळ, पगाराचा आठवडा आणि शनिवार यांना कुठला ग्रुप आडवा येतो ते बघा. पहिल्या ९० दिवसांत ९० मिटिंगा असं एएत सांगतात. तालुक्याच्या गावी ते शक्य नाही. आठवड्यातून दोन-तीन प्रत्यक्ष आणि मधल्या दिवशी ऑनलाइन, एवढं जमवा. कोविडपासून मराठी ऑनलाइन मिटिंगा रोज असतात, दुबई-अमेरिकेतले मराठी लोकही त्यात दिसतात. पण निव्वळ फोनच्या पडद्यावर भागवू नका, तिथे कप विसळता येत नाहीत.

एकच मिटिंग करून मत बनवू नका. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा. एखाद्या ठिकाणी एकच जुना मेंबर तासभर प्रवचन देतो, एखाद्या ठिकाणी भांडणं चालू असतात, कुठे फार कर्मठपणा. माणसंच ती, आजारी माणसं. सहा वेळा जा, दोन ग्रुप बघा, मग ठरवा.

देवाचं. हा प्रश्न मला अंनिसवाल्यांकडून बरेचदा येतो, आणि मी त्यांना आधी आठवण करून देते की साताऱ्यात ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्तीची संस्था डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीच उभी केली. दारू सोडवण्याचं काम आणि विवेकवाद यांचं वाकडं नाही. एएच्या पायऱ्यांमध्ये ‘आपल्यापेक्षा मोठी शक्ती’ आणि ‘आपल्या समजुतीप्रमाणे परमेश्वर’ असे शब्द आहेत, हे खरं आहे. मी ते लपवणार नाही, आणि शेवटी प्रार्थना होते तेव्हा तुम्हाला अवघडायला होईल. पण १९३९ च्या त्यांच्या मूळ पुस्तकातच न मानणाऱ्यांसाठी वेगळं प्रकरण आहे. माझ्या ओळखीचा एक निवृत्त मार्क्सवादी शिक्षक गेली कित्येक वर्षं न पिता आहे. त्याची मोठी शक्ती म्हणजे बुधवारचा ग्रुप. “एकटा होतो तेव्हा हरलो, बाराजण मिळून हरत नाही, यात चमत्कार कसला?” असं तो म्हणतो, आणि प्रार्थनेच्या वेळी हात बांधून गप्प उभा राहतो. आमच्या भागात याच्या उलट वाटेने सुटलेलेही आहेत. तुळशीची माळ घातली आणि वारीला जाऊ लागले, दारू सुटली. त्यांचंही मी नाकारत नाही. आठवड्याला भेटणारी दिंडी त्यांनाही मिळालीच.

पुरावा हवा असेल तर तोही आहे. कॉक्रेन या संस्थेने २०२० साली २७ अभ्यास एकत्र तपासले, एकूण १०,५६५ माणसं. व्यावसायिक मदतीने, पद्धतशीरपणे एएला जोडून दिलेल्यांपैकी वर्षभराने अखंड कोरडे राहिलेले शंभरात सुमारे ४२, इतर मान्यताप्राप्त उपचार घेतलेल्यांमध्ये सुमारे ३५. चमत्कार नाही. ५८ जण अखंड कोरडे राहिले नाहीतच. पण एवढा फरक दाखवणाऱ्या आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टी या आजारात फार नाहीत.

तरीही जीव रमला नाही तर दुसरी दारं आहेत. पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं. तिथून बाहेर पडलेल्या मित्रांचे फॉलोअप गट महाराष्ट्रात अनेक गावांत भरतात. फादर जो परेरा यांची कृपा फाउंडेशन मुंबईत १९८१ पासून आहे. तिथे बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड आहे. गडचिरोलीकडच्यांना डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘मुक्तिपथ’चे तालुक्यातले दवाखाने माहीत असतीलच. आणि जवळपास काहीच नसेल तर? दोन दारुडे दारू थांबवण्यासाठी एकत्र बसले की तो ग्रुप. अॅक्रनला दोघंच होते. माझ्या ओळखीत एका गावात दूध डेअरीच्या मागच्या खोलीत दोघांनी सुरू केलेला ग्रुप आज बऱ्यापैकी भरतो.

गोळ्यांचं उत्तर एका शब्दात : नको. बंद करू नका. कुणी उत्साही मेंबर सांगेल की गोळी ही कुबडी आहे, फेकून दे. एएच्या स्वतःच्या पत्रकात लिहिलेलं आहे की मेंबरांनी डॉक्टर बनू नये. औषधाचं तुम्ही आणि डॉक्टर बघा. डायसल्फिराम (जिच्यावर दारू प्यायली की त्रास होतो ती गोळी) चालू असेल तर अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नका. हे वाचणाऱ्या बायकांसाठी एक : ही गोळी नवऱ्याला न सांगता आमटीत घालू नका. त्यावर तो प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. ‘बाहेरून आणलेल्या’ बिनावासाच्या पुडीत पुष्कळदा हेच असतं.

आणि अजून रोज पिणारा, सकाळी उतारा लागणारा कुणी हे वाचत असेल, तर त्याने घरी एकदम बंद करून थेट मिटिंगला जाऊ नये. हात थरथरणं, घाम, झोप उडणं यावर थांबलं तर ठीक. पण पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, बडबड, ताप सुरू झाला, जागा-वेळेचं भान सुटलं तर त्यात माणूस जाऊ शकतो. आधी डॉक्टर, बी-वन जीवनसत्त्व आणि झटके रोखणारी औषधं, मग मिटिंग. घरच्यांनी परस्पर गाडी बोलावून माणूस उचलून न्यायला लावणं, हेही करू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७ खाली व्यसनाच्या रुग्णालाही हक्क आहेत आणि व्यसनमुक्ती केंद्राला नोंदणी लागते. असं उचलून नेलेल्या माणसाचा पुढे मिटिंगवरचाही विश्वास उडतो.

स्पॉन्सर म्हणजे जुना मेंबर, जो तुम्हाला पायऱ्या करायला हात देतो. घाई नको, दीड-दोन महिने ऐका. ज्याचं घर, नोकरी, बोलणं तुम्हाला रुळावर आलेलं दिसतं त्याला विचारा. पुरुषाचा स्पॉन्सर पुरुष, बाईची बाई. स्त्रियांनी पहिल्या काही मिटिंगा शक्यतो महिलांच्या किंवा ऑनलाइन महिला ग्रुपच्या कराव्यात, कारण नव्या बाईशी लगट करू पाहणारे लोक इथेही असतात. उसनवारी कुणाशीच करू नका, ना घ्यायची ना द्यायची. तुम्ही वसुलीत आहात, कारण सांगायला नको.

वहिनींना एखाद्या ओपन मिटिंगला जरूर न्या, पण रोज पहारेकरी म्हणून नको. त्यांच्यासाठी अॅल-अॅनॉन वेगळं आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांचं. अठरा वर्षं त्याही आजारीच होत्या, तुमच्या दारूने. तुम्ही सुधारल्यावर त्यांचा राग वर येतो, आणि माणूस गोंधळतो की आता तर मी पीत नाही, मग ही का चिडते? त्यांना ते बोलायला त्यांची जागा हवी.

पाय घसरला तर? दुसऱ्या दिवशी मिटिंगला जा आणि आकडा एकपासून सांगा. घसरल्यावर लाजेने पाठ फिरवणारेच माझ्याकडे सहा महिन्यांनी स्ट्रेचरवरून परत येतात. अगदी प्यायलेल्या अवस्थेत गेलात तरी गप्प बसायच्या बोलीवर बहुतेक ग्रुप बसू देतात.

तुमचा हिशोब केला तर महिना भरायला आठवडा आहे, आणि त्याच्या आसपास आषाढ अमावास्या येतेय. गटारी. मग श्रावण. श्रावण पाळणारे मित्र तुम्हाला म्हणतील, “आम्हीपण महिनाभर सोडतो, मिटिंगची काय गरज?” त्यांना श्रावण संपायची तारीख पाठ असते, एवढं लक्षात ठेवा. गटारीच्या संध्याकाळी घरी थांबू नका. आमच्याकडचे ग्रुप त्या दिवशी मुद्दाम मिटिंग ठेवतात आणि लांबवतात. त्याच्या आधी दोन मिटिंगा तरी झालेल्या असाव्यात, म्हणजे त्या गर्दीत दोन चेहरे ओळखीचे असतील. आज संध्याकाळी फोन करा. जायच्या दिवशी सातची मिटिंग असेल तर पावणेसातला पोचा, सुटे पैसे ठेवा, आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते आधीच बघा : मिटिंग साडेआठला संपते, पण चहा सव्वानऊपर्यंत चालतो.